स्क्रोल सॉसाठी लाकूड घेताय? आधी जाडीचं गणित समजून घ्या

१२८ जीबीचा फोन घेतला की सगळी १२८ जीबी जागा वापरायला मिळत नाही, हे आता शाळेतल्या मुलांनाही माहीत आहे. थोडी जागा सिस्टिम खाते, थोडा फरक मोजण्याच्या पद्धतीमुळे पडतो. लाकडाच्या वखारीतही नेमकं हेच होतं. 'एक इंची' सागवान म्हणून घेतलेली फळी रंधा मारून घरी येते तेव्हा २० ते २२ मिलिमीटर भरते. यात कुणी फसवलेलं नसतं, बोलीभाषेतलं माप आणि हातातलं माप वेगळं असतं इतकंच. पण आपलं डिझाइन २५ मिलिमीटर धरून काढलेलं असेल, तर पुढचं सगळं काम चुकतं.

मी नोकरीने सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे आणि शनिवार-रविवारी घराच्या गॅलरीत स्क्रोल सॉ चालवतो. रील्समध्ये लाकडाची नाजूक जाळी, नावाच्या पाट्या, कोडी कापताना पाहून अनेकांना हा छंद करावासा वाटतो. मशीन ऑनलाइन सहज मिळतं, पॅटर्न फुकट डाउनलोड होतात. गाडी अडते ती लाकडापाशी. कोणत्या जाडीचं घ्यायचं, ते कुठे मिळतं, आणि पातळ लाकूड इतकं महाग का पडतं? आज हे तीनही प्रश्न सोडवूया.

स्क्रोल सॉ म्हणजे काय?

स्क्रोल सॉ म्हणजे बारीक पात्याची, वर-खाली चालणारी, टेबलावर ठेवायची करवत. पातं साधारण ५ इंच लांब असतं आणि इतकं अरुंद की लाकूड जागच्या जागी फिरवून गोल, टोकदार, वेडीवाकडी कशीही नक्षी कापता येते. लाकडाला छोटं भोक पाडून त्यातून पातं ओवलं की बाहेरची कड न तोडता आतली जाळीही कापता येते.

मशीन '१६ इंची' आहे असं लिहिलेलं असतं, तेव्हा पात्यापासून मागच्या खांबापर्यंतचं अंतर १६ इंच असा त्याचा अर्थ. जाडीशी त्याचा काही संबंध नाही. जाडीची मर्यादा वेगळी दिलेली असते, बऱ्याच मशीनवर ती ५० मिलिमीटर म्हणजे २ इंच असते. माझा अनुभव असा की कठीण लाकडात २० ते २५ मिलिमीटरपर्यंत मशीन आनंदाने चालतं. त्यापुढे कापता येतं, पण पातं तापतं, वाकतं आणि उभी कड सरळ येत नाही.

हार्डवूड म्हणजे कडक लाकूड नव्हे

पॅटर्नवर 'हार्डवूड वापरा' असं लिहिलेलं असतं. हा शब्द झाडाच्या जातीचा आहे, कडकपणाचा नाही. रुंद पानांच्या झाडांचं लाकूड ते हार्डवूड, सूचिपर्णी झाडांचं ते सॉफ्टवूड. म्हणून देवदार आणि चीड सॉफ्टवूड. सागवान, शिसव, आंबा, फणस, बाभूळ, शिवण हे सगळं हार्डवूड. नखाने ओरखडा उठेल असा मऊ पांगारासुद्धा हार्डवूडच, आणि विमानांच्या मॉडेलमध्ये वापरतात तो हलका बाल्साही.

आपल्याकडे मिळणाऱ्या लाकडांपैकी स्क्रोल सॉवर मला काय कसं वाटलं, ते थोडक्यात सांगतो.

सागवान: फारसं हलत नाही, दिसायला देखणं. पण त्यात सिलिका असते, त्यामुळे पातं लवकर बोथट होतं. तेलकट असल्याने चिकटवण्याआधी ती जागा अ‍ॅसिटोनने पुसून घ्यावी लागते.

शिवण: हलकं, फिकट रंगाचं, कापायला सोपं. शिकणाऱ्याने इथूनच सुरुवात करावी.

आंबा: सागवानापेक्षा बरंच स्वस्त आणि रंगाची गंमत असलेलं. सावंतवाडीची लाकडी खेळणी आणि फळं बनवायला आंब्याचं लाकूड वापरत आले आहेत. नीट वाळलेलं नसेल तर वाकतं आणि कीड लागते.

फणस: पिवळाधमक रंग. दोन रंगांची लाकडं जोडून चित्र करायचं असेल तर सागवानाशेजारी फार छान दिसतं.

शिसव आणि शिसम: जड, गडद, कडेला सुंदर झळाळी येते. पातळ जाडीतही नक्षी टिकते, पण हळू कापावं लागतं.

कोणत्या कामाला किती जाडी?

ही माझी कामचलाऊ यादी. सगळे आकडे रंधा मारून तयार झालेल्या जाडीचे आहेत.

३ मिलिमीटर: कानातले, कीचेनवरची नक्षी, दुसऱ्या लाकडावर चिकटवायची अक्षरं. चार तुकडे एकावर एक टेपने बांधून १२ मिलिमीटरचा गठ्ठा केला की एका कापात चार नग तयार होतात.

६ मिलिमीटर: जाळीचं काम, कोस्टर, खिडकीत टांगायच्या शोभेच्या वस्तू.

९ ते १० मिलिमीटर: लहान पाट्या, फोटोफ्रेम, छोट्या डब्यांची झाकणं. सगळ्यात कमी वापरली जाणारी आणि माझ्या मते सगळ्यात फायद्याची जाडी. का, ते पुढे येईल.

१२ मिलिमीटर: फोन स्टँड, भिंतीवरची मोठी अक्षरं.

१८ ते २० मिलिमीटर: टेबलावर स्वतःच्या पायावर उभी राहणारी कोडी, प्राणी, नावं.

३५ ते ४० मिलिमीटरचे चौकोनी ठोकळे: बुद्धिबळाच्या सोंगट्यांसारखी कामं. यात शेजारच्या दोन बाजूंवर नक्षी चिकटवून दोन्हीकडून कापतात.

जाडी बदलली की पातंही बदलायचं. साधा नियम असा की कापताना पात्याचे किमान तीन दात लाकडात असायला हवेत. ३ मिलिमीटर लाकडासाठी इंचाला २५ किंवा जास्त दातांचं पातं लागतं. ६ मिलिमीटरला १२-१३ दातांचं चालतं. जाड लाकडात बारीक दातांचं पातं घातलं तर भुसा बाहेर पडत नाही आणि कड जळून काळी पडते.

इथे एक प्रामाणिक गोष्ट सांगायला हवी. ३ मिलिमीटरची फार नाजूक जाळी करायची असेल तर चांगलं प्लायवूड जास्त टिकतं. प्लायमध्ये थर आडवे-उभे चिकटवलेले असतात, त्यामुळे दोन्ही दिशांना ताकद असते. अखंड लाकूड रेषेच्या दिशेने मजबूत आणि आडव्या दिशेने कमकुवत. रेषेला आडवा जाणारा काडीसारखा भाग हातातच तुटतो. अखंड लाकडाची मजा ६ मिलिमीटरच्या पुढे, जिथे कड दिसते तिथे.

सूत, पाऊण, सव्वा: वखारीची भाषा

वखारीत मिलिमीटर फारसं चालत नाही. तिथे इंच आणि सूत. एक इंच म्हणजे ८ सूत, म्हणजे १ सूत साधारण ३.२ मिलिमीटर. पाव इंच २ सूत, अर्धा इंच ४ सूत, पाऊण इंच ६ सूत. मिस्त्री 'तीन सूत ठेव' म्हणाला तर त्याला साडेनऊ मिलिमीटर हवं आहे.

गंमत म्हणजे अमेरिकेतले लाकूडवालेही पावातच मोजतात. तिकडच्या पॅटर्नमध्ये ४/४ लिहिलेलं दिसतं, त्याचा अर्थ चार पाव, म्हणजे पूर्ण एक इंच. ५/४ म्हणजे आपलं सव्वा, ६/४ म्हणजे दीड, ८/४ म्हणजे दोन. पण हे माप रंधा मारण्याआधीचं असतं. दोन्ही बाजू गुळगुळीत केल्यावर ४/४ची फळी २०-२१ मिलिमीटर उरते. याउलट पॅटर्नवर नुसतं '१/४ इंच' असेल तर ते बहुतेक वेळा तयार जाडीबद्दल असतं, म्हणजे ६.३५ मिलिमीटर. तुम्ही वखारीत जाऊन 'पाव इंच' मागितलं आणि समोरच्याने ते चिरलेलं माप धरलं, तर रंध्यानंतर हातात ४ मिलिमीटर येईल.

म्हणून वखारीत विचारायचा पहिला प्रश्न हाच: "काका, हे माप रंध्याआधीचं की नंतरचं?"

घनफुटाचा हिशोब

आपल्याकडे वखारीत चांगलं लाकूड घनफुटावर विकलं जातं. पुण्यात भवानी पेठेतलं टिंबर मार्केट, मुंबईत रे रोड, नागपुरात लकडगंज, कुठेही जा, भाव विचारला की उत्तर घनफुटात येतं. एक घनफूट म्हणजे १२ × १२ × १२ = १,७२८ घन इंच. फळीची लांबी, रुंदी, जाडी इंचात मोजा, गुणाकार करा, १,७२८ने भागा. फोनच्या कॅल्क्युलेटरवर दहा सेकंदांचं काम.

समजा तुम्हाला एवढ्या वस्तू करायच्या आहेत:

फोन स्टँडचे २ तुकडे, ६ × ४ × अर्धा इंच: २४ घन इंच.
६ कोस्टर, ४ × ४ × पाव इंच: २४ घन इंच.
नावाची एक पाटी, १२ × ६ × पाऊण इंच: ५४ घन इंच.

एकूण १०२ घन इंच, म्हणजे ०.०५९ घनफूट. आता हिशोबापुरता सागवानाचा भाव ४,००० रुपये घनफूट धरू. (तुमच्या गावातला भाव वेगळा असेल, प्रतीप्रमाणे त्यात खूप फरक पडतो.) लाकूड झालं २३६ रुपयांचं. किती स्वस्त!

पण हे कागदावरचं गणित आहे. वखारीत पाव इंचाची फळी तयार पडलेली नसते. ती जाड फळीतून चिरून काढावी लागते. चिरताना पातं लाकूड खातं, मग रंधा लाकूड खातो, आणि त्या भुशाचे पैसेही आपणच देतो.

भुशाची किंमत किती?

हा या लेखाचा मुख्य मुद्दा आहे, म्हणून नीट पाहू.

धरून चालू की सॉ मिलचं पातं एका कापात २ मिलिमीटर खातं, आणि रंधा दोन्ही बाजूंचे मिळून २ मिलिमीटर. म्हणजे ६ मिलिमीटर तयार जाडी हवी असेल तर ८ मिलिमीटरचा काप काढावा लागतो.

एक इंची फळी २५.४ मिलिमीटर. त्यात ८ + २ + ८ = १८ झाले. उरले साडेसात. त्यात अजून एक कापाचे २ आणि लाकडाचे ८ बसत नाहीत. म्हणजे दोनच काप मिळाले.

सव्वा इंची फळी ३१.७ मिलिमीटर. तीन कापांना २४ आणि दोन चिरांना ४, एकूण २८. तीन काप आरामात.

दीड इंची फळी ३८.१ मिलिमीटर. चार कापांना ३२ आणि तीन चिरांना ६, एकूण ३८. चार काप मिळतात, पण अगदी काठावर. फळी पूर्ण दीड इंच भरत असेल तरच.

आता पैसे. ४,००० रुपये भावाने एक चौरस फूट, एक इंच जाड लाकूड ३३३ रुपयांना पडतं. त्यातून दोन काप निघाले तर ६ मिलिमीटरचा एक चौरस फूट १६७ रुपयांना पडला. सव्वा इंचीतून १३९ रुपये. दीड इंचीतून १२५ रुपये. नुसत्या घनफुटाच्या हिशोबाने तो ७९ रुपयांना पडायला हवा होता. चिराई आणि रंध्याची मजुरी अजून वेगळीच.

म्हणजे तेच लाकूड, तोच भाव, पण कोणत्या जाडीची फळी उचलली यावर ४२ रुपयांचा फरक, तोही दर चौरस फुटाला.

आणि आता ९ मिलिमीटरची गंमत. एक इंची फळी मधोमध एकदाच चिरली तर दोन्हीकडे ११.७ मिलिमीटर राहतात. रंधा मारून ९ मिलिमीटरपेक्षा थोडे जास्तच. म्हणजे एक इंची फळीतून दोन काप ६ मिलिमीटरचे काढा नाहीतर ९चे, खर्च तेवढाच, १६७ रुपये. ६चे काढले तर उरलेली जाडी भुशात नाहीतर चुलीत जाते. डिझाइनला ९ चालत असेल तर ती जाडी जवळपास फुकट मिळते.

म्हणून माझं सांगणं असं की जाडी पॅटर्नवरून ठरवून मग वखारीत शोधू नका. वखारीत कोणत्या जाडीची फळी आहे ते आधी बघा, त्यातून कोणते काप स्वच्छ निघतात ते मोजा आणि त्याप्रमाणे डिझाइन बदला. फाइल बदलायला पैसे पडत नाहीत, लाकूड बदलायला पडतात.

जाडी हार्डकोड करू नका

फोन स्टँडचंच उदाहरण घ्या. दोन तुकडे एकमेकांच्या खाचेत अडकवून उभा राहणारा स्टँड असतो ना, त्यात स्क्रू नाही, फेविकॉल नाही. सगळी मदार खाचेवर. खाचेची रुंदी म्हणजे समोरच्या तुकड्याची जाडी.

पॅटर्न अर्धा इंच धरून काढलेला आहे, म्हणजे खाच १२.७ मिलिमीटर. तुमचं लाकूड रंध्यानंतर ११.२ भरलं. दीड मिलिमीटरची ढिलाई. २०० ग्रॅमचा फोन ठेवला की स्टँड डुलणार. आणि लाकूड १३ भरलं तर तुकडा आत जाणारच नाही, ठोकून घातला तर खाच रेषेतून फाटेल.

प्रोग्रामिंगमध्ये आपण बदलणारी संख्या कोडमध्ये जागोजागी लिहून ठेवत नाही, तिला व्हेरिएबल करतो. इथेही तसंच. आधी लाकूड आणा, डिजिटल व्हर्नियरने चार ठिकाणी जाडी मोजा, मग पॅटर्नमध्ये फक्त खाचेची रुंदी तेवढी करा. पूर्ण चित्र लहान-मोठं करू नका, नाहीतर फोन ठेवायची जागाही बदलेल. इंकस्केपसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये हे पाच मिनिटांत होतं. प्रिंट काढताना 'फिट टू पेज' बंद करून १०० टक्के ठेवा आणि कागदावर पट्टी लावून एकदा खात्री करा.

फोनमधलं कॅमेऱ्याने मोजणारं अ‍ॅप या कामाला वापरू नका. खोलीची लांबी मोजायला ते ठीक आहे, अर्धा मिलिमीटर त्याला दिसत नाही.

पण फोन वखारीत उपयोगी पडतो!

फळीचा पीळ तपासायला. फळी सपाट जागी ठेवा. लेव्हल दाखवणारं अ‍ॅप उघडा, फोन फळीच्या एका टोकाला आडवा ठेवून कोन वाचा. मग दुसऱ्या टोकाला अगदी तसाच ठेवून वाचा. फोनचा कॅमेरा उंच असला किंवा जमीन तिरपी असली तरी हरकत नाही, कारण आपल्याला दोन आकड्यांमधला फरक हवा आहे. ६ इंच रुंद फळीत अर्धा अंश फरक म्हणजे कडेला साधारण १.३ मिलिमीटरचा पीळ.

फर्निचर करणारा अशी फळी नाकारेल. आपल्याला मात्र ती चालू शकते. तीन फुटांच्या फळीत १.३ मिलिमीटर पीळ असेल तर ती फुटाफुटाचे तीन तुकडे करून मग रंध्याला दिली की प्रत्येकात ०.४ मिलिमीटरच राहतो. त्यामुळे पिळलेली, टोकाला चिरलेली, मध्ये गाठ असलेली फळी कमी भावात मिळत असेल तर जरूर बघा. गाठ टाळून आपले छोटे तुकडे निघतात. फक्त रंध्याच्या मशीनला एक फुटापेक्षा लहान तुकडे देऊ नका. आतले रोलर लहान तुकडा नीट धरू शकत नाहीत, तो उडून माणसाला लागू शकतो.

टोकाचा क्लोज-अप फोटो काढायला. फळीच्या कापलेल्या टोकावर झाडाची वलयं दिसतात. ती आडवी पडलेली, धनुष्यासारखी असतील तर ती फळी ओलाव्याने जास्त वाकणार. उभी असतील तर कमी. सागवान पूर्ण ओल्यापासून पूर्ण वाळेपर्यंत वलयांच्या दिशेने साधारण ५.८ टक्के आकसतं, आणि गाभ्याकडून सालीकडे २.५ टक्केच. सागवान कमी हलणारं लाकूड मानलं जातं, तरी एवढा फरक पडतो. पातळ कापासाठी उभ्या वलयांचीच फळी शोधा.

ओलावा: घरच्या घरी चाचणी

आपल्या हवेत घरात राहणाऱ्या वस्तूसाठी लाकडातला ओलावा १२ टक्क्यांच्या आसपास असावा. मोजायचं मीटर मिळतं, पण स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावरही काम होतं. फळीच्या टोकापासून थोडं आतून एक छोटा तुकडा कापा आणि वजन करा. समजा १०० ग्रॅम. ओटीजीमध्ये १०० ते १०५ अंशांवर ठेवा आणि मधूनमधून वजन करा. वजन कमी व्हायचं थांबलं की तो पूर्ण वाळला. समजा ८८ ग्रॅम राहिला. कमी झालेले १२, भागिले ८८, म्हणजे १३.६ टक्के ओलावा. ओव्हन सोडून कुठे जाऊ नका आणि तापमान वाढवू नका.

जाड फळी बाहेरून कोरडी आणि आतून ओली असू शकते. ती चिरली की आतली बाजू उघडी पडते, तीच बाजू आकसते आणि काप होडीसारखा वाकतो. म्हणून चिरल्याबरोबर रंधा मारून घेऊ नका. काप घरी आणा, मध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या ठेवून एकावर एक रचा, वर वजन ठेवा आणि एक-दोन आठवडे पंख्याच्या हवेशीर खोलीत राहू द्या. मगच शेवटचा रंधा. पावसाळ्यात हा वेळ वाढवा.

वखारीत जाताना

शनिवारी संध्याकाळी जाऊ नका. मोठी गिऱ्हाईकं असतात, फुटभर लाकूड मागणाऱ्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. शक्य असेल तर आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी जा. फोनच्या नोट्समध्ये तुकड्यांची यादी आणि हे प्रश्न ठेवा:

भाव घनफुटाचा की नगाचा?
माप रंध्याआधीचं की नंतरचं?
चिराई आणि रंध्याची मजुरी वेगळी का? कमीत कमी किती?
फळी किती दिवस वाळलेली आहे?
दरवाजे-खिडक्यांच्या कामातून उरलेले तुकडे आहेत का?

शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. चौकटीच्या कामातून निघालेले फूट-दीड फुटाचे तुकडे वखारवाल्याला अडगळ वाटतात, कधी ते जळणात जातात. आपल्यासाठी ते पूर्ण प्रोजेक्ट असतात. चौकटीसाठी वाळवलेलं लाकूड असल्याने ते कोरडंही मिळण्याची शक्यता जास्त.

चिराईची कमीत कमी मजुरी ठरलेली असते, म्हणून दोघा-तिघांनी मिळून एकच दीड इंची फळी घेतली तर सगळ्यांना स्वस्त पडते. आणि सागवान, शिसव घेताना पक्कं बिल मागून घ्या. या लाकडांची वाहतूक वन खात्याच्या नियमांत येते. बिल असलं की लाकूड कुठून आलं याचा कागद तुमच्याकडे राहतो.

घरी कापायला बसताना एन-९५ मास्क आणि चष्मा लावा. सागवान आणि शिसमाचा बारीक भुसा नाक, डोळे आणि त्वचेला त्रास देतो, काहींना त्याची अ‍ॅलर्जी होते. गॅलरीत कापत असाल तर खालच्यांचे कपडे वाळत आहेत का, तेही बघा.

सुरुवात करायची असेल तर माझा सल्ला: एक इंच जाड, फूटभर लांब, सहा इंच रुंद शिवण किंवा आंब्याचा एक तुकडा घ्या. मधोमध एकदा चिरून घ्या. दोन आठवडे वजनाखाली ठेवा आणि रंधा मारून ९ मिलिमीटरचे दोन काप करा. अर्ध्या घनफुटाचं सागवान घेण्याआधी या दोन कापांवर हात बसू द्या. व्हर्नियर लावा, जो आकडा येईल तो फोनमध्ये लिहून ठेवा, आणि पहिलं डिझाइन त्याच आकड्यावर बेता.